‘फेरो’ : एका लॅटिन क्रियापदाची कुळकथा



लॅटिन शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याची वाट पहिल्याच वर्षीं एक क्रियापद अडवितें. तें क्रियापद म्हणजे ‘फेरो’, ‘मी वाहून नेतों’. लॅटिन कोशांत क्रियापद चार मुख्य रूपांनीं देण्याची वहिवाट आहे. त्याप्रमाणें याचीं रूपें अशीं : फेरो, फेर्रे, तुली, लातुम्. ‘फेर्रे’ म्हणजे वाहणें, ‘तुली’ म्हणजे मीं वाहिलें, आणि ‘लातुम्’ म्हणजे वाहण्यासाठीं. पहिल्या दोहोंचें नातें उघड आहे; पण ‘तुली’ आणि ‘लातुम्’ यांचा ‘फेरो’शीं काय संबंध? विद्यार्थी तीं रूपें घोकतो आणि व्याकरणास बोल लावतो. परंतु ज्यास आपण अनियमितपणा म्हणतों, तो पुष्कळदां भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा असतो.

प्रथम ‘फेरो’ घेऊं. त्याचीं वर्तमानकाळचीं रूपें फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस्, फेर्तिस्, फेरुन्त अशीं होतात. यांच्या शेजारीं संस्कृत भृ धातूचीं भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति हीं रूपें ठेवून पाहावीं. जेथें संस्कृतांत आरंभीं ‘भ’, तेथें लॅटिनमध्यें ‘फ’ आणि इंग्रजींत ‘ब’ येतो : संस्कृत भ्राता, लॅटिन फ्रातेर, इंग्रजी ब्रदर. त्याच नियमानें भरति, फेर्त आणि इंग्रजी ‘बेअर’ हीं एका कुळांतलीं ठरतात. आपले भार, भारा, भरणें हे शब्दही त्याच घरचे.

आतां ‘तुली’. प्लाउतुस् या जुन्या रोमन नाटककाराच्या लेखनांत याचें ‘तेतुली’ असें रूप आढळतें. संस्कृतांत ‘बभार’ या रूपांत आद्य वर्णाची जशी द्विरुक्ति होते, तशीच ही. यांतला धातु उचलणें या अर्थाचा. संस्कृतांत तोच तुल् म्हणून आहे. तुला, तोल, तोलणें आणि सोनाराचा तोळा हे त्याचेच वंशज. ‘लातुम्’ हें मूळचें ‘त्लातुम्’. आरंभींचा ‘त’ गळाला आणि ओळख बुजली. म्हणजे चार रूपांत धातु दोनच : एक वाहण्याचा, दुसरा उचलण्याचा.

असें दोन धातूंनीं एक संसार कां करावा? मूळ भाषेंत भर् हा चालू राहणारी क्रिया दाखवी. पुरी झालेली क्रिया सांगण्यास दुसऱ्या धातूची मदत घ्यावी लागली. आपणही हेंच करतों. ‘मी जातों’ म्हणतों, पण ‘मी जाला’ न म्हणतां ‘मी गेलों’ म्हणतों. ‘जाणें’ हें संस्कृत या धातूपासून आलें, ‘गेला’ हें गम् धातूच्या ‘गत’ या रूपापासून. त्यांत विचित्र असें कोणासच कांहीं वाटत नाहीं. रोज तोंडीं असणारीं क्रियापदें आपलीं जुनीं रूपें सहसा सोडीत नाहींत.

‘फेरो’चा अर्थविस्तारही मोठा आहे. हमाल ओझें वाहतो, झाड फळ धरतें, मनुष्य दुःख सोसतो, वाट गांवाकडे नेते, या साऱ्यांस तें चालतें. ‘फेरुन्त’ एवढेंच म्हटलें तर ‘लोक असें सांगतात’ असाही अर्थ होतो. कचेरींतील ‘ट्रान्स्फर’ आणि भाषांतर या अर्थाचें ‘ट्रान्स्लेशन’ हे शब्द एकाच लॅटिन क्रियापदाचे, एक ‘फेरो’वरून व दुसरा ‘लातुम्’वरून झालेला. ‘रेफर’ आणि ‘रिलेशन’ यांचीही तीच गोष्ट.

एवढें साम्य पाहून लॅटिन ही संस्कृताची कन्या होय, असें म्हणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांस होतो. तो आवरला पाहिजे. ‘भ’ हा मूळ वर्ण संस्कृतानें राखला, लॅटिननें घालविला. उलट ‘फेरो’मधला ‘ए’ हा स्वर ग्रीक व लॅटिन यांनीं राखला, संस्कृतांत तो ‘अ’मध्यें मिसळून गेला. जें आईनें घालविलें, तें मुलीला वारशानें कसें मिळावें? तेव्हां या बहिणी होत. त्यांची आई आज कोणत्याही लेखांत उरलेली नाहीं. सर विल्यम जोन्स यांनीं 1786 सालीं कलकत्त्याच्या व्याख्यानांत हाच विचार मांडला, आणि 1816 सालीं फ्रान्झ बॉप या जर्मन पंडितानें क्रियापदांचीं रूपें ताडून त्यास शास्त्राचा पाया दिला. दोघांचाही भर क्रियापदांवर होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. शब्द उसना मिळतो. क्रियापद चालविण्याची रीत सहसा उसनी मिळत नाहीं. म्हणून अपवादाचें रूप भेटलें म्हणजे तें नुसतें पाठ करूं नये. त्याचें कूळ विचारावें.