सा लागण्याआधीच कान कामाला लागतो

कुही, मांढळ, वेलतूर भागात भजनाला बसलेल्या मंडळाला पेटीवाला आधी एकच गोष्ट विचारतो : कोणती पट्टी? काळी एक, काळी दोन की पांढरी चार? उत्तर मिळालं की तो नुसता सा धरून ठेवतो. तोवर टाळ, खंजिरी जुळतात, घसे खाकरून होतात. गाणं अजून सुरू झालेलं नसतं, पण ऐकणाऱ्याच्या मेंदूपुरतं ते सुरू झालेलं असतं. कानानं एक खुंटी ठोकून घेतलेली असते आणि पुढचा प्रत्येक स्वर त्या खुंटीपासून किती दूर, हे तो मोजणार असतो.

शास्त्रीय मैफलीत हे काम तानपुरा करतो. गंमत अशी की, खुंटी पक्की बसली की गायक बऱ्याचदा तिला बगल देऊन सुरुवात करतो. यमन घ्या. शिकाऊ मुलालाही त्याचा आरोह मंद्र नी, रे, ग असा सांगितला जातो. सा ओलांडूनच पाऊल पडतं. मारवा तर त्याहून हट्टी. कोमल रे आणि शुद्ध ध यांच्यावर गायक रेंगाळतो, सा टाळत राहतो आणि अखेर त्यावर येतो तेव्हा श्रोत्यांतून सुस्कारा निघतो. तानपुरा मागे बोलत नसता तर ही हुरहुर लागलीच नसती. कानानं दुसऱ्याच कुठल्या तरी स्वराला सा मानून टाकलं असतं.

युरोपातही हा खेळ झाला आहे. बीथोव्हेनची पहिली सिंफनी १८०० साली व्हिएन्नात वाजली. तिची पट्टी एक, पण पहिला स्वरमेळ भलत्याच पट्टीकडे बोट दाखवणारा. १८०८ च्या पाचव्या सिंफनीची सुरुवात सगळ्या जगाला ठाऊक आहे : तीन आखूड ठोके आणि एक लांब. पण कागदावर त्या ठोक्यांच्या आधी एक छोटा विराम लिहिलेला आहे. म्हणजे ही रचना सुरू होते ती शांततेनं, आणि पहिला ठोका मात्रेवर न पडता मात्रेनंतर पडतो. द्रुत तीनतालातल्या कितीतरी बंदिशी समेऐवजी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उचलल्या जातात, त्याची इथे आठवण व्हावी. सम पुढे आहे हे श्रोत्याला माहीत असतं, म्हणून तर तो मान डोलवायला टपून बसलेला असतो.

या टपून बसण्याचा माग विज्ञानाला लागला आहे. जर्मनीतल्या श्टेफान कोल्श आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगीत न शिकलेल्या लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना स्वरमेळांच्या मालिका ऐकवल्या. मालिकेत न बसणारा स्वरमेळ आला की सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शात मेंदूच्या विद्युतलहरींत ठळक फरक दिसे. ‘मला गाण्यातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कळतं, फक्त नाव देता येत नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आवडत्या संगीतातला उत्कट क्षण येण्याआधी, नुसत्या वाट पाहण्यानंही मेंदूत डोपामिन स्रवतं.

पण वाट पाहायची तर खुंटी नीट ऐकू यायला हवी. आणि उतारवयात नेमकी तीच हळूहळू निसटते.

तानपुऱ्याचा आवाज हे साधं प्रकरण नाही. तार घोडीच्या रुंद, किंचित गोलसर पाठीवर टेकते आणि तिथे खाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो. ही जवारी. तार कंपताना घोडीला अलगद घासत राहते आणि त्यातून मूळ स्वराच्या पटीतले अनेक उपस्वर उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला. (हेच रामन १९१० च्या सुमारास सरकारी वित्त खात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात होते.) तार एखाद्या ठरावीक बिंदूवर छेडली तर काही उपस्वर उमटू नयेत, असा भौतिकशास्त्राचा जुना नियम, तानपुरा तो जुमानत नाही आणि याला कारण ती घोडी, असं त्यांनी दाखवलं. काळी एकमध्ये लावलेला खर्ज जेमतेम ६९ हर्ट्झचा. त्याच्या पाचपटीचा, ३४६ हर्ट्झच्या आसपासचा उपस्वर म्हणजे जाणकारांचा लाडका स्वयंभू गंधार. त्याच्याही वर काही हजार हर्ट्झपर्यंत झळाळी पसरलेली असते.

वयानुसार येणारा बहिरेपणा वरून खाली उतरतो. आधी जातात ते उंच कंपनसंख्येचे आवाज. त्यामुळे बोलणं ऐकू येतं पण उमगत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ विरून जातात आणि ‘साठ’चे ‘आठ’ होतात. गाण्यात खर्ज राहतो, गंधारही बहुधा राहतो, जाते ती झळाळी. आजोबा म्हणतात, हल्लीच्या तानपुऱ्यात दम नाही. घरचे मान डोलावतात. दोष कानाचा असू शकतो, हे कुणाच्या मनात येत नाही, आणि तपासणी राहून जाते.

बीथोव्हेनचं नेमकं हेच सुरू झालं होतं. जून १८०१ मध्ये, वयाच्या तिशीत, त्यानं वेगेलर या डॉक्टर मित्राला कळवलं की, नाटकगृहात थोडं दूर बसलं तर वाद्यांचे आणि गायकांचे वरचे सूर कानावर येत नाहीत. त्याच्या तंतुवाद्य चौकड्यांचा एक अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पहिल्या व्हायोलिनच्या वाट्याचे अतिउंच स्वर मधल्या काळात घटत गेले आणि कान पुरते गेल्यावर अखेरच्या चौकड्यांत परतले. पुरता बहिरा झाल्यावर तो आतल्या कानानं लिहू लागला, असा संशोधकांचा तर्क. पटण्यासारखा आहे, पण तर्कच.

सामान्य श्रोत्याकडे असा आतला कान नसतो. त्यानं कान तपासून घ्यावेत. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो आणि डॉक्टर तो पाच मिनिटांत काढतात; काडेपेटीची काडी घालून तो स्वतः काढायला जाऊ नये. तसं नसेल तर ऑडिओमेट्री करावी. कुहीकरांना त्यासाठी नागपूरच्या मेडिकलचा कान-नाक-घसा विभाग आहे. ऐकू न येण्याची बाब नुसत्या गाण्यापुरती नाही. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत बहिरेपण धरलं आहे.

यंत्र लावल्यावर मात्र नवीनच तक्रार येते : बोलणं छान, पण गाणं बिघडलं. यात यंत्राची लबाडी नाही. ते बोलण्यासाठी घडवलेलं आहे. सतत एकसारखा चालणारा आवाज त्याला पंखा किंवा इंजिन वाटतो आणि ते तो दाबतं. तानपुऱ्याला ते असंच वागवतं. बासरीचा लांब सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटू शकते. यावर उपाय आहे. बऱ्याच डिजिटल यंत्रांत संगीतासाठी वेगळी मांडणी करता येते, तिच्यात हे दाबणं कमी केलेलं असतं. पण ती मागावी लागते, आपणहून क्वचितच मिळते. जाताना मोबाइलमध्ये तानपुरा आणि आवडता यमन घेऊन जावा, तिथेच वाजवावा, आणि काय हरवतंय ते ऑडिओलॉजिस्टला सांगावं. एका खेपेत जमेलच असं नाही; दोन-तीन वेळा जावं लागतं.