बातमीआधीचे सूर

मराठवाड्यात जुन्या रेडिओच्या गप्पा निघाल्या की त्या निवेदकांच्या आवाजावर येतात. त्या आवाजाच्या आधी काय वाजायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. युद्धकाळात मात्र श्रोत्याला पहिला निरोप त्या सुरांतूनच मिळत असे.

याचे मूळ साध्या सोयीत आहे. शॉर्टवेव्हवर केंद्र लावणे ही कसरत असते. खरखर चालूच, आवाज चढतो, उतरतो, शेजारचे केंद्र मध्ये घुसते. बातम्यांच्या आधी एकच धून थोडा वेळ वाजत राहिली, तर सावकाश काटा फिरवत श्रोत्याला नेमकी जागा गाठता येते.

दुसऱ्या महायुद्धात ही सोय प्रचाराच्या कामी आली. जर्मनीने जून १९४१ मध्ये रशियावर हल्ला केला आणि तिथल्या विजयाच्या खास बातम्यांआधी फ्रान्झ लिस्टच्या ‘ले प्रेल्यूद’मधला तुताऱ्यांचा गजर वाजू लागला. गजर झाला की बातमी जिंकल्याचीच असणार. त्याच वर्षी बीबीसीने युरोपसाठीच्या प्रसारणांत नगाऱ्यावर तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ ठोका द्यायला सुरुवात केली. मोर्स लिपीत ही ‘व्ही’ अक्षराची, म्हणजे विजयाची खूण आणि बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवातही तशीच. नाझींविरुद्ध जर्मन संगीतकाराचेच सूर उभे राहिले. पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पराभव जाहीर करताना जर्मन रेडिओलाही बेथोव्हेनकडेच जावे लागले. संथ ढोल वाजले आणि मग त्याच पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग.

मुंबईत याच काळात वॉल्टर कॉफमन हा संगीतकार ऑल इंडिया रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख होता. जन्म कार्ल्सबादचा, ज्यू कुटुंबातला. हिटलर सत्तेवर आल्यावर युरोप सोडून तो १९३४ मध्ये मुंबईत आला. तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर वाजणारी, शिवरंजनीची आठवण करून देणारी आकाशवाणीची सकाळची धून त्याचीच मानली जाते. ती प्रसारणाचा दिवस उघडते. बातम्यांना मात्र आपल्याकडे तशी धून नव्हती. वेळेचे ठोके पडत आणि थेट माणूस बोलू लागे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत देवकीनंदन पांडे यांचा खर्जातला आवाज देशाने ऐकला, तो असाच कसल्याही गजराशिवाय. सरकारी रेडिओने हा संयम पाळला, याचे मोल मला फार वाटते.

तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतून एक बातमीपत्र गाण्याने सुरू होत होते. ते सरकारी नव्हते.

‘चले जाव’ ठरावानंतर नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र उभारले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर त्याचा आवाज उमटला. केंद्राचा पत्ता सांगितला जाई तो एवढाच, ‘हिंदुस्थानात कुठेतरी’. सुरुवातीला ‘हिंदोस्ताँ हमारा’ची तबकडी वाजे, मग बातम्या आणि भाषणे, शेवटी ‘वंदे मातरम्’. छापायला मनाई असलेल्या बातम्या इथे मिळत. चिमूर-आष्टीतले अत्याचार याच केंद्राने लोकांपुढे मांडले. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांचा या कामाला हात होता.

पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून केंद्राची जागा सतत बदलावी लागे. चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, सँडहर्स्ट रोड असा तो संसार हलत राहिला. अखेर एक तंत्रज्ञ फितूर झाला आणि १२ नोव्हेंबरला पोलीस दारात आले. तेव्हा शेवटची तबकडी, ‘वंदे मातरम्’, चालू होती. ती बंद करण्याचा हुकूम उषाताईंनी मानला नाही. पुढे खटला झाला आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

लिस्टचा गजर रोज नवा विजय मागत होता. विजय आटले तसा तो वाजवणेही अवघड झाले. काँग्रेस रेडिओच्या गाण्याने जिंकल्याचा दावा कधीच केला नाही. पुढे येणारी बातमी आपल्या माणसांनी दिलेली आहे, एवढेच ते सांगत होते. म्हणून धरपकडीच्या, गोळीबाराच्या बातम्यांआधीही ते तितक्याच खरेपणाने वाजू शकले.

मुंबईहून मराठवाड्याकडे यायचे तर, तिथले जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. राज्याची स्वतःची नभोवाणी होती, हैदराबादेत आणि औरंगाबादेत, आणि तिच्यावर उर्दूचा वरचष्मा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा राज्यात शिरल्या. १५ तारखेला गुरख्यांची एक तुकडी जालन्याच्या ताब्यासाठी मागे ठेवून बाकीचे सैन्य लातूरकडे वळले. १७ तारखेला निजामाने युद्ध थांबवल्याचे जाहीर केले, तेही रेडिओवरूनच.

१९५० मध्ये हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली आणि निजामाची नभोवाणी संपली. सकाळच्या धुनेचा कर्ता कॉफमन तोवर भारत सोडून गेला होता. त्या वर्षी तो कॅनडात विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संचालन करत होता.