गळलेला गॅस खालीच का साचतो?

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या कित्येक घरांत आता सरपणाच्या मोळीच्या जोडीला १४.२ किलोचा सिलिंडर आहे. हलवला की आत काहीतरी डुचमळतं. तो दाबाखाली द्रवरूप झालेला गॅस. बाहेर पडताच त्याचं आकारमान सुमारे २५० पट होतं. शिवाय तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. धूर वर जाऊन कौलांतून निसटतो. गॅस मात्र सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि पेटत्या चुलीपर्यंत पोहोचतो.

गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. आत द्रव असतो आणि गळलेला गॅस खाली साचतो, म्हणून सिलिंडर उभा, शेगडी त्याहून उंचावर आणि चूल लांब ठेवा. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं बटण मुळीच दाबू नका.