गाता येतं, पण शिकवता येतं का?

सहावीचा वर्ग आहे. पस्तीस-चाळीस मुलं, एक पेटी आणि नुकतेच रुजू झालेले संगीताचे सर. सर काळी एकचा सा धरतात आणि म्हणतात, "म्हणा माझ्यामागून." त्यांच्या गळ्याला ही पट्टी सोयीची. कॉलेजची सगळी वर्षं त्यांनी रियाज याच पट्टीत केलेला. वर्गातली बरीचशी मुलं तोच सा, कुणी न सांगता, एक सप्तक वर घेतात आणि सुरात म्हणतात. पाच-सात मुलांच्या हे लक्षात येत नाही. सरांचा आवाज जिथून येतोय तिथेच आपण पोचायचं, असं त्यांना वाटतं. ती गळा खाली दाबतात, पण तिथे त्यांच्या गळ्यात सूरच नसतो. घोगरा, भलताच आवाज निघतो. काही दिवसांत ही मुलं मागच्या बाकांवर जातात आणि स्नेहसंमेलनाच्या समूहगीताच्या वेळी त्यांना सांगितलं जातं, "तू नुसते ओठ हलव."

ही मुलं बेसूर नसतात. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा साधारण एक सप्तक खाली असतो, आणि तो ऐकून मनातल्या मनात वर उचलून घ्यायचा ही काही मुलांना शिकवावी लागणारी गोष्ट आहे. उपाय अवघड नाहीत. सरांनी पेटीवर वरच्या सप्तकातला सा वाजवायचा. ज्या मुलीला सूर चटकन सापडला तिला पुढे गायला लावायचं, कारण मुलाला मुलाच्या आवाजातला सूर लवकर कळतो. तरीही जमलं नाही तर उलट्या बाजूनं जायचं: मूल ज्या सुरावर बोलतंय, गुणगुणतंय, तो सूर पेटीवर शोधायचा, त्यावर आपण त्याला साथ द्यायची आणि मग एकेक पट्टी वर सरकत त्याला वर्गाच्या सापर्यंत आणायचं. आपला सूर आणि पेटीचा सूर एक झाला की काय वाटतं, हे त्या मुलाला तेव्हा पहिल्यांदा कळतं. पुढचं काम त्याचा कानच करतो.

आठवी-नववीच्या मुलांची अडचण वेगळी. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज काही महिन्यांत जवळजवळ सप्तकभर खाली येतो. या काळात कालपर्यंत येणारा पंचम आज फाटतो. अशा मुलाला गाणं थांबवायला सांगणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. चार-पाच सुरांच्या आटोक्यातल्या रचना, खालची पट्टी आणि "हे सगळ्यांचंच होतं" एवढं एक वाक्य, यावर तो मुलगा गाण्यात टिकून राहतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, फक्त इतका ठळकपणे नाही.

आता प्रश्न असा की हे सगळं संगीताच्या पदवीत कुठे शिकवलं जातं? बी.ए., एम.ए. संगीत करून बाहेर पडणाऱ्यांतले मोजके मैफलीत जातात. बहुतेकांच्या हाती पहिलं काम येतं ते शिकवण्याचं, शाळेत, क्लासमध्ये नाहीतर घरच्या शिकवण्यांत. म्हणजे पदवी प्रत्यक्षात घडवते शिक्षक, आणि परीक्षा मात्र घेते गायकाची. मला ही आपल्या संगीत शिक्षणातली सर्वांत मोठी फट वाटते. ती पहिल्यापासून नव्हती, याचं जास्त वाईट वाटतं.

विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते लोकांच्या देणग्यांवर. तिथे येणाऱ्या विद्यार्थ्यांखेरीज त्यांनी एक उपदेशक वर्ग चालवला. गाणं घरोघर न्यायचं तर आधी ते नेणारी माणसं तयार करायला हवीत, हा त्यामागचा सरळ हिशेब. गायचं कसं याच्या जोडीनं शिकवायचं कसं आणि संस्था चालवायची कशी, हे त्या मुलांनी बुवांच्या हाताखाली राहून उचललं. त्यातून आणि त्या शिष्यपरंपरेतून काय निघालं बघा. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात गेले आणि आश्रम भजनावली त्यांच्या हातून सिद्ध झाली. बी. आर. देवधरांनी १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं आणि आवाजसाधनेचा शास्त्रीय अंगानं विचार केला. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ओंकारनाथ ठाकुरांनी १९५० मध्ये काशी हिंदू विद्यापीठातल्या संगीत महाविद्यालयाची धुरा घेतली. त्यांतले काही फार मोठे गवई होते, पण शिक्षक सगळेच होते.

दुसरा धागा विष्णू नारायण भातखंड्यांचा. वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेला हा वकील माणूस. घराण्याघराण्यांत अडकलेल्या बंदिशी त्यांनी मिळवल्या, लिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब: इतकी साधी लिपी की छापखान्यात अडचण येऊ नये. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मोठा ग्रंथ तर मराठीत आहे आणि गुरू-शिष्याच्या संवादातून उलगडत जातो. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतात, शिष्य पुन्हा विचारतो. वर्गात प्रश्न विचारायला हरकत नाही, उलट त्यातूनच शास्त्र पुढे सरकतं, हे त्या मांडणीतच आहे. १९१६ ची बडोद्याची अखिल भारतीय संगीत परिषद, ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय, लखनौचं १९२६ चं मॅरिस कॉलेज ही त्यांचीच कामं. आज ते लखनौचं कॉलेज भातखंड्यांच्या नावानं विद्यापीठ आहे.

पुढे विद्यापीठांत संगीत विभाग निघाले तेव्हा भातखंड्यांची दहा थाटांची मांडणी आणि क्रमिक पुस्तकं अभ्यासक्रमात आली. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, त्याची परीक्षांची शिडी प्रारंभिकापासून विशारद, अलंकारपर्यंत गावोगाव पोचली. उपदेशक वर्ग मात्र कुणीच पुढे नेला नाही.

आज पदवीला काय असतं? शास्त्राच्या पेपरांत भरताच्या बावीस श्रुती, मतंगाची बृहद्देशी, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं तेराव्या शतकात शारंगदेवानं लिहिलेला संगीतरत्नाकर, घराण्यांचा इतिहास. प्रात्यक्षिकाला विलंबित ख्याल, छोटा ख्याल, तराणा, धृपद-धमाराची दुगुन-चौगुन हातावर ताल देऊन. परीक्षक हमखास विचारतात ते समप्रकृतिक राग: भूप आणि देशकार वेगळे करून दाखवा, मारवा-पूरिया-सोहनी गाऊन दाखवा. हे सगळं हवंच. यातलं काहीही कमी करा असं माझं म्हणणं नाही. पुढे नेट-सेट आणि पीएच.डी.ची वाट याच अभ्यासावरून जाते, आणि विद्यापीठात शिकवायचं तर ती लागतेच.

विद्यापीठांनी स्वतःची अशी भरही घातली आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, १९८७ पासून, पदवीच्या चौकटीत गुरुकुल बसवण्याचा प्रयोग चालू आहे. एसएनडीटीच्या संगीत विभागाचं प्रमुखपद प्रभा अत्र्यांसारख्या गायिकेनं सांभाळलं. आणि मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी सांगितल्या: आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम. शाळेत शिकवणाऱ्याला यापेक्षा उपयोगी विचार दुसरा नाही. कारण सहावीतलं मूल कोरं येत नसतं. त्याच्या कानात आजीची ओवी असते, गल्लीतल्या गणपतीची आरती, लेझमीचा ठेका, मोबाइलवरची सिनेमाची गाणी असतात. पदवीधर शिक्षक शिकवायला सुरुवात करतो ती एकदम कलासंगीतापासून, आणि मुलाकडे आधीपासून असलेल्या पाच कोटी वर्गाच्या दाराबाहेर राहतात.

पायाचं संगीत सगळ्यांना नीट शिकवलं तर काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या गावशाळांमध्ये 'मेस्त्र' मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. मोठा कलाकार घडवणं हा हेतू नव्हता, चर्चमधलं गाणं नीट व्हावं एवढाच होता. पण त्याच शाळांतून पुढे मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रांना कागदावरचं संगीत बघून वाजवणारे वादक मिळाले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव शिष्यानं अजरामर केलं.

सरकारी कागदांवर संगीत शिक्षकाची सोय अगदीच नाही असं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असलेल्या शाळेत कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलं आहे. अंशकालीन या शब्दातच त्या माणसाचा पगार आणि शाळेतलं स्थान दोन्ही आलं. शिवाय कला म्हटलं की बऱ्याच शाळांना चित्रकला पुरते. केंद्रीय विद्यालयांत मात्र प्राथमिक शिक्षक (संगीत) असं स्वतंत्र पद असतं आणि तिथे संगीतातली पदवी लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत सादरीकरणाच्या कलांच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या पदविकेचा आराखडाही आहे. बी.एड.ला मराठी, गणित, इतिहास अशा अध्यापन पद्धती निवडता येतात, पण संगीत हा पर्याय मिळणं कठीण. दहावीच्या निकालात शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांना संगीत आठवतं, एवढं खरं. त्यातून परीक्षेला बसणारी मुलं येतात. ती पुढे गातात का, हे त्यांना मिळणाऱ्या शिक्षकावर आहे.

एका जिल्हा परिषद शाळेत मी एका बाईंना भूप शिकवताना पाहिलं. त्यांनी रागाचं नाव घेतलं नाही, आरोह-अवरोह फळ्यावर लिहिला नाही. सात मुलं रांगेत उभी केली, प्रत्येकाला एकेक स्वर दिला. मग म आणि नि या दोघांना खाली बसवलं. बाई छडीनं एकेका मुलाकडे बोट करत गेल्या, तसा वर्ग तो स्वर म्हणत गेला. ग नंतर अर्धा वर्ग सवयीनं म वर गेला, कारण पाठ झालेली सरगम थांबू देत नाही. बाई रागावल्या नाहीत. बसलेल्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "अरे, हा तर झोपलाय, त्याला कशाला उठवता?" सगळे हसले. पुढच्या खेपेला ग वरून थेट प वर सगळा वर्ग नीट गेला. मग बाईंनी छडी ग वर जास्त वेळ ठेवायला सुरुवात केली. वादी स्वर म्हणजे काय, हे मुलांना त्या शब्दाशिवाय कळत होतं. बाईंना मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाल्या, "चुकत चुकत. फार मुलांवर चुकले आधी."

संगीताच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्यांनी विभागात जाऊन गुरू कोण, तंबोरे किती, ग्रंथालय कसं, हे विचारावंच. त्याबरोबर हेही विचारावं की तीन-चार वर्षांत एखादं सत्र शाळेत जाऊन शिकवायची सोय आहे का, आवाजशास्त्राचा तास असतो का, पेटी आणि ढोलकी कामापुरती वाजवायला शिकवतात का. शाळेत साथीला कुणी मिळत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

आणि विद्यापीठांनी, नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्तानं अभ्यासक्रम नव्यानं लिहिले जात असताना, शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एक भाग वाढवावा. भूप आणि देशकार गाऊन दाखवून झाले, की परीक्षकांनी जवळच्या शाळेतली दहा-बारा मुलं आत बोलवावीत. त्यांतली दोन अशी असावीत ज्यांना कुणीतरी ओठ हलवायला सांगितलं आहे. उमेदवाराला वीस मिनिटं द्यावीत. त्याला ख्यालाइतकेच गुण असावेत.