सह्याद्रींतील उभयचर : बेडूक, भेक व देवगांडूळ

मृगाची पहिली सर ओसरली, म्हणजे ओढ्याकांठीं, भातखाचरांत आणि विहिरींच्या कांठावर जो कल्लोळ सुरू होतो, त्याचें वर्णन महाराष्ट्रांत एकाच वाक्यानें करतात : बेडूक ओरडूं लागले. परंतु हा कल्लोळ एका प्राण्याचा नसतो. खाचराच्या बांधावर दिवा घेऊन कांहीं वेळ निश्चल उभें राहिल्यास तीनचार निरनिराळे आवाज सहज वेगळे करतां येतात, आणि प्रत्येक आवाजाचा धनी निराळा असतो. ह्या सर्वांना बेडूक ह्या एकाच शब्दानें ओळखण्याची संवय झाल्यामुळें प्राणीहि एकच आहे असें वाटूं लागतें. आणि एकच असेल तर तो कोठेंहि व केव्हांहि विपुल सांपडेल, अशी समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळें कांहीं जातींचें अस्तित्वच धोक्यांत येऊं शकतें.

कांहीं काळ पाण्यांत व कांहीं काळ जमिनीवर राहणाऱ्या ह्या प्राण्यांना उभयचर म्हणतात. जगांत त्यांच्या ८,००० हून अधिक व भारतांत ४०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांचे गट तीन. पहिला बिनशेपटीचा, म्हणजे बेडूक व भेक. दुसरा शेपटीवाल्या सॅलमँडरांचा. तिसरा बिनपायांच्या देवगांडुळांचा. ह्यांपैकीं सॅलमँडर महाराष्ट्रांत मुळींच नाहीं. भारतांत तो दार्जिलिंगकडील डोंगराळ तळ्यांत व ईशान्येकडील प्रदेशांत आढळतो. कोंकणांत किंवा देशावर चार पायांचा व लांब शेपटीचा जो लहानसा प्राणी दिसतो, तो पाल, सरडा किंवा सापसुरळी असतो. त्याच्या अंगावर खवले असतात. सॅलमँडराच्या अंगावर खवले नसतात. एवढी एक खूण लक्षांत ठेवली तरी पुरे.

खवले नसणें ही उभयचरांच्या देहरचनेंतील महत्त्वाची गोष्ट आहे. त्यांची त्वचा उघडी व ओलसर असून ते फुप्फुसांप्रमाणेंच त्वचेनेंहि श्वासोच्छ्वास करतात. पाणी पिण्याचें कामहि बव्हंशीं त्वचाच करते. म्हणून त्यांना ओलावा सोडून फार दूर जातां येत नाहीं, आणि पाण्यांत किंवा मातींत मिसळलेलें विष त्यांच्या शरीरांत लवकर शिरतें.

बेडकाची पारख करणाऱ्यानें चार गोष्टी पाहाव्यात : त्वचा, पाय, आवाज आणि अंडीं. रंगावर फारसें विसंबूं नये. एकाच जातींत तो तपकिरी, हिरवट, राखी असा पालटतो.

त्वचेवरून भेक तात्काळ ओळखतां येतो. त्याचें अंग खरखरीत व पुटकुळ्यांनीं भरलेलें असतें. घराच्या अंगणांत, दिव्याखालीं किडे टिपणाऱ्या नेहमींच्या भेकाच्या पुटकुळ्यांचीं टोकें काळीं असतात व डोक्यावर काळे कंगोरे दिसतात. डोळ्यांमागें दोन फुगीर ग्रंथि असतात. त्यांतून पांढरट विषारी द्रव निघतो. भेक तोंडांत धरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला फेंस येतो तो ह्यामुळें. भेकाला हात लावल्यानें चामखीळ येते, ही समजूत मात्र निराधार आहे. हात लागलाच तर तो धुवावा, म्हणजे झालें.

पायांवरून प्राण्याचें राहणें कळतें. डबक्यावर नुसतें डोकें वर काढून तरंगणारा व चाहूल लागतांच पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारीत जाणारा बेडूक प्रत्येकानें पाहिलेला असतो. त्याच्या मागील पायांचीं बोटें पडद्यानें पूर्ण जोडलेलीं असतात. पावसाळ्यांत न्हाणीघराच्या भिंतीवर चढून बसणारा झाडबेडूक निराळा. त्याच्या बोटांच्या टोकांस चकत्या असतात व त्यांच्या साहाय्यानें तो उभ्या गुळगुळीत भिंतीस चिकटून राहतो. मातींत पुरून घेणाऱ्या बेडकाच्या मागील टाचेजवळ फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्यानें माती मागें सारीत तो उलटा जमिनींत शिरतो व कोरडे महिने तेथेंच काढतो.

तथापि खरी ओळख कानांनीं होते. बेडकांत ओरडतो तो बहुधा नर, आणि आपल्या जातीची मादी जवळ यावी म्हणून ओरडतो. प्रत्येक जातीची हांक ठराविक असल्यामुळें अंधारांतहि मादीची गफलत होत नाहीं. सर्वांत मोठा बेडूक खर्जांत डरांव डरांव करतो. वर्षाच्या इतर दिवसांत मळकट हिरवा दिसणारा हा नर पहिल्या पावसांत पिवळाधमक होतो व त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. भेक दीर्घ किरकिर लावतो. झाडबेडकाचा आवाज लांकडावर टकटक केल्यासारखा येतो. इंचभर लांबीचा, अरुंद तोंडाचा एक बेडूक आहे, त्याचा आवाज मात्र मोठ्या प्राण्याचा वाटावा असा असतो. सह्याद्रीच्या झुडपांतील कित्येक बेडूक दिसण्यांत इतके सारखे आहेत कीं, ते भिन्न जातींचे आहेत हें शास्त्रज्ञांना त्यांच्या हांका व आनुवंशिक द्रव्य तपासल्यावरच निश्चित करतां आलें. आवाज टिपून ठेवण्याचें साधन आतां पुष्कळांच्या खिशांत असतें. त्यामुळें प्राण्याला हातहि न लावतां त्याची नोंद करतां येते.

अंड्यांची तऱ्हाहि प्रत्येकाची वेगळी. भेक पाण्यांत लांबच लांब माळा सोडतो. झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा हौदाच्या कडेवर फेंसाचें घरटें करतो व पिलें त्यांतून खालीं पाण्यांत पडतात. सह्याद्रींतील एका गटाचीं शेपटीवालीं पिलें झिरपणाऱ्या ओल्या कातळावर सरपटत वाढतात. झुडपांतील कित्येक लहान बेडकांना तर डबकेंहि लागत नाहीं. त्यांच्या अंड्यांतून एकदम चिमुकले बेडूकच बाहेर पडतात. म्हणजे तलाव राखला कीं बेडूक राखले, असा हिशेब नाहीं. कोणाला कातळ हवा, कोणाला झुडूप, तर कोणाला चार दिवसांचें पावसाचें पाणी.

ओळख नसल्यामुळें प्राण्यावर काय प्रसंग ओढवतो, ह्याचें उदाहरण म्हणजे देवगांडूळ. ओल्या मातींत, पालापाचोळ्याखालीं राहणारा हा प्राणी नांगराबरोबर वर आला कीं साप समजून ठेंचला जातो. त्याला विषारी दंश करतां येत नाहीं. सापाप्रमाणें त्याचें अंग खवल्यांनीं आच्छादलेलें नसतें, वेढ्यांसारख्या वळ्या असतात. आणि गांडुळाला नसतो तो पाठीचा कणा व दांत असलेला जबडा त्याला असतो. डोळे अगदीं बारीक असतात. कांहीं जातींची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून त्यांची राखण करते. खंडाळ्याच्या एका जातीचें शास्त्रीय वर्णन एडवर्ड टेलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६० सालीं केलें. आंबोलीच्या एका जातीचें वर्णन २००३ सालीं प्रसिद्ध झालें व तिला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचें नांव देण्यांत आलें.

ह्याच आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावर एक लहान पिवळसर भेक राहतो. अंगावरील वाघासारख्या पट्ट्यांवरून त्याचें शास्त्रीय नांव ठेवण्यांत आलें तें २००९ सालीं. पावसाच्या आरंभीं सड्यावरील खोलगट जागीं जें वीतभर पाणी सांचतें, त्यांतच तो अंडीं घालतो. पाऊस लांबला तर डबकें आटतें व पिलें मरतात. आणि त्याच दिवसांत पर्यटकांच्या मोटारी घाटमाथ्यावर येतात व रस्ता ओलांडणारे भेक चाकांखालीं सांपडतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें ह्या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त अशी केली. त्याचा दुसरा सगोत्र कोयनेकडे सांपडला, त्याचें वर्णन १९६३ चें आहे. अंगणांतला भेक देशभर आहे. आंबोलीचा भेक आंबोलीसारख्या चिंचोळ्या प्रदेशापुरताच आहे. दोघांना एकच समजणाऱ्याला एक सडा उकरला गेल्यानें काय गेलें, हें कळणारहि नाहीं.

मोठ्या बेडकाची संख्या अगणित आहे असें समजून एके काळीं भारतांतून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणांत परदेशीं पाठविल्या जात. १९८७ सालीं सरकारनें ती निर्यात बंद केली. कीटकभक्षक बेडूक शेतांतून नाहींसे होणें शेतकऱ्याच्या हिताचें नाहीं, हा विचार त्यामागें होता.

सामान्य माणसानें करावयाचें तें सोपें आहे. पावसाच्या रात्रीं घाटांतून जातांना गाडी हळू हांकावी. शेतांतील देवगांडूळ मारूं नये, बाजूला ओल्या मातींत सोडावें. सड्यावरचें डबकें घाण पाण्याचें समजून बुजवूं नये. आणि शाळेंतील मुलांना येत्या पावसाळ्यांत एखाद्या संध्याकाळीं गांवच्या ओढ्यावर नेऊन किती आवाज ऐकूं येतात तें मोजण्यास सांगावें. दरवर्षीं त्याच जागीं, त्याच नक्षत्रांत केलेली अशी नोंद वहींत राहिली, तर एखादा आवाज कमी झाल्याचें निदान गांवाला वेळीं कळेल.