दुसरी नक्कल

जालन्याच्या मोंढ्यात आज कोणत्याही आडतीवर गेले तरी कीर्द-खतावणीच्या लाल वह्यांची जागा टॅलीने घेतलेली दिसते. लग्नसराईची हजारो छायाचित्रे बाळगणारा छायाचित्रकार, अशिलांची विवरणपत्रे सांभाळणारा करसल्लागार, सातबाराचे उतारे व मोजणीचे नकाशे उतरवून ठेवणारा शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा, या सर्वांचे दप्तर आता एकेका संगणकात सामावले आहे, आणि तो संगणक एके दिवशी उघडेनासा होईपर्यंत त्या दप्तराची दुसरी नक्कल असावी हा विचार बहुधा कोणाच्या मनाला शिवत नाही. शिवलाच, तर मनुष्य दुकानात जाऊन प्रथम विचारतो, "हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची चांगली?"

मला हा प्रश्न गौण वाटतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात आता सीगेट, वेस्टर्न डिजिटल व तोशिबा अशा तीनच उरल्या असून, डबीवर नाव कोणाचेही असले तरी आतील यंत्र बहुधा त्यांच्यापैकीच एकीचे असते. ही तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि तिच्यावरील मजकूर वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतर राखून तिच्यावर तरंगत असते; चालू अवस्थेत डबी मेजावरून पडली, तर ते टोक तबकडीस घासून क्षणार्धात वर्षांचे लेखन खरवडून काढू शकते. अशा प्रसंगी हमीपत्र दाखविल्यास कंपनी नवी डबी देईल. गेलेले दप्तर परत आणण्याची जबाबदारी त्या हमीत धरलेली नसते.

आकाराचा विचार मात्र अगत्याने करावा. अडीच इंची, खिशात मावणारी डिस्क संगणकाच्या केबलमधूनच वीज घेते. साडेतीन इंचीला निराळा अडॅप्टर लागतो. वळवाच्या पहिल्या झुळुकीसरशी जेथे लाईट जाते, तेथे नक्कल अर्ध्यावर तुटू नये म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीवर चालणारी लहान डिस्कच सोयीची. उन्हाचे म्हणाल, तर अशा अनेक डिस्कांच्या माहितीपत्रकात त्या चालविण्याचे तापमान ५ ते ३५ अंश सांगितलेले असते, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंश ओलांडतो. तेव्हा उन्हाळ्यात हे काम भल्या पहाटे उरकावे, आणि डिस्क मोटारीत विसरू नये हे तर सांगणेच नको.

फिरते भाग नसलेली एसएसडी पडझडीला भीत नाही व वेगानेही सरस; परंतु तेवढ्याच जागेला दाम अधिक पडतो, शिवाय विजेवाचून दीर्घकाळ, त्यातून उष्ण जागी पडून राहिल्यास तिच्यातील विद्युत्भार झिरपत जातो. रोज पिशवीतून न्यावयाची असेल तर ती घ्यावी. कपाटात ठेवावयाची तर तबकडीच बरी. जागा संगणकातील मजकुराच्या दुप्पट असली म्हणजे पुरे. एक टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे ९३१ गिगाबाइट दाखविते, हा केवळ मोजण्याच्या पद्धतीतील फरक होय. दोन-तीन हजार रुपयांत १६ टेराबाइट देऊ करणारी डबी मात्र निखालस लबाडी समजावी: आत क्षुल्लक मेमरी कार्ड असते, त्याला खोटे आकडे सांगण्यास शिकविलेले असते, आणि जागा भरल्यावर नवा मजकूर निमूटपणे नाहीसा होतो.

डिस्क कितीही पारखून घेतली तरी एकच नक्कल पुरत नाही, याचा दाखला जवळच आहे. याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच लेखनक्रियेचे निरूपण करताना त्यांनी अक्षराच्या वळणापासून कागद, शाई, मेणकापड, पेट्या व कुलपे यांपर्यंत ग्रंथरक्षणाची सामग्री सांगितली आहे. परंतु एकट्या पेटीकुलपावर एवढा ग्रंथ निभावला नसता. कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावी राहिली आणि मठोमठी शिष्यांनी आपापल्या नकला उतरून घेतल्या, त्यामुळे एखाद्या ठिकाणचे बासन वाळवीने खाल्ले तरी ग्रंथ बुडण्याचे भय उरले नाही.

म्हणूनच एका उंची डिस्कऐवजी दोन साध्या डिस्का घ्याव्यात असे माझे मत आहे: एक दुकानात, दुसरी अंबडच्या वा भोकरदनच्या भावाकडे, दर महिन्याला अदलाबदल करून. नक्कल होताच केबल काढून ठेवावी. कारण खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे विषाणू जोडलेल्या डिस्कलाही सोडीत नाहीत. मधूनमधून चार-दोन फायली निराळ्या संगणकावर उघडून मुळाशी त्यांची रुजवात घ्यावी, कारण कधीच न उघडलेली नक्कल मुळाबरहुकूम आहे असे मानण्यास काही आधार नसतो. परगावी जाणाऱ्या डिस्कला बिटलॉकरसारख्या सोयीने संकेतशब्द लावावा, आणि तो कागदावर लिहून बंद पाकिटात घरच्या तिजोरीत ठेवावा; मालक रुग्णालयात असला तरी जीएसटीच्या विवरणपत्राची तारीख पुढे जात नाही, आणि त्या दिवशी मुलाला ती डिस्क उघडता आली पाहिजे.