बाकावरचा एन्कोनो

सांगलीच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना. ते लिहितात, १९८२च्या विश्वचषकातून एकही सामना न हरता परतलेला, १९७९ आणि १९८२ असा दोनदा आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला कॅमेरूनचा गोलरक्षक थॉमस एन्कोनो १९९०च्या विश्वचषकाला राखीव गोलरक्षक म्हणून का गेला? आणि राखीव होता, तर अर्जेंटिनाविरुद्ध पहिल्याच सामन्यात उभा कसा राहिला?

उत्तर एका माणसात आहे : जोसेफ-आंत्वान बेल.

कॅमेरूनचं नशीब असं, की एकाच पिढीत त्यांना दोन अव्वल गोलरक्षक मिळाले. एन्कोनो याउंडेच्या कॅनन क्लबचा, बेल दुआलाच्या युनियनचा. आफ्रिकेचा क्लब विजेत्यांचा चषक १९७८मध्ये कॅननने जिंकला, १९७९मध्ये युनियनने आणि १९८०मध्ये पुन्हा कॅननने. देश एकच, शहरं दोन आणि गोलात हे दोघं. खेळायची तऱ्हा मात्र अगदी वेगळी. एन्कोनो मांजरासारखा चपळ. गर्दीत उसळी घ्यायचा आणि चेंडू बुक्कीनं लांब भिरकावून द्यायचा. बेल आपल्या बचावफळीला सतत हाका मारणारा, गोलरेषा सोडून पुढं येणारा, धोका आधीच ओळखून तो उगवूच न देणारा. बेलचे बचाव कमी लक्षात राहतात, याचं कारण त्याला सूर मारायची वेळच कमी यायची. फुटबॉलच्या इतिहासाची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं विसाव्या शतकातल्या आफ्रिकन गोलरक्षकांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिलं नाव बेलचं होतं आणि दुसरं एन्कोनोचं. माझा स्वतःचा कौल एन्कोनोला. तरीही ती क्रमवारी मला अन्यायाची वाटत नाही.

१९९०च्या वसंतात तर बेल पूर्ण भरात होता. त्याचा बोर्दो क्लब त्या मोसमात फ्रेंच लीगमध्ये दुसरा आला. एन्कोनोचा एस्पान्योल त्या वर्षी स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत झगडत होता. तेव्हा सोव्हिएत प्रशिक्षक वालेरी नेपोम्नियाची यांनी बेलला पहिली पसंती दिली, यात नवल काहीच नव्हतं.

मग बेल बोलला. संघाची तयारी किती ढिसाळ आहे, हे त्यानं फ्रेंच वृत्तपत्राला सरळ सांगितलं आणि अर्जेंटिनापुढं आपला टिकाव लागणार नाही, असंही म्हणाला. विश्वविजेत्यांशी उद्घाटनाचा सामना, आणि स्वतःचाच गोलरक्षक असं बोलतो! वरून चक्रं फिरली. ८ जून १९९०, मिलानचं सान सिरो. सामना काही तासांवर आला असताना एन्कोनोला कळलं, की आज गोलात तू आहेस.

इथं थोडं थांबायला हवं. राखीव आघाडीवीराला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. रॉजर मिलाला त्याच स्पर्धेत तशी मिळाली आणि त्यानं त्यांचं सोनं केलं. राखीव गोलरक्षकाला तेवढंही नसतं. पहिल्याला दुखापत झाली तर आणि तरच. सरावात तो पहिल्या गोलरक्षकाचे हात गरम करून देतो, इतरांच्या फटक्यांपुढं उभा राहतो आणि सामन्याच्या दिवशी अंगरखा चढवून बाकावर बसतो. ज्यानं आठ वर्षांपूर्वी इटलीला बरोबरीत रोखलं होतं, तो माणूस असा बसायला तयार झाला, आणि मन मरू न देता तयार राहिला. एन्कोनोच्या मोठेपणाबद्दल मला काही सांगायचं असेल तर ते हेच आहे.

सामना बहुतेकांना आठवत असेल. ६१व्या मिनिटाला कॅमेरूनच्या आंद्रे काना-बियिकला लाल कार्ड. सहाच मिनिटांनी त्याचा धाकटा भाऊ फ्रांस्वा ओमाम-बियिक बचावपटूच्या डोक्यावर उडाला. हेडर तसा जोरदार नव्हता. चेंडू अर्जेंटिनाच्या नेरी पुम्पिदोच्या हातांखालून सुटला आणि आत गेला. शेवटी तर त्यांचा मासिंगही लाल कार्डानं बाहेर गेला, कॅमेरूनची नऊ माणसं उरली. एन्कोनोच्या पाठीमागं जाळी शेवटपर्यंत हलली नाही. १-०.

आणखी एक योगायोग मला फार मोलाचा वाटतो. पाच दिवसांनी, सोव्हिएत संघाविरुद्ध, त्याच पुम्पिदोचा पाय मोडला. बाकावरून सर्खिओ गॉयकोचेआ उठला आणि युगोस्लाव्हिया, मग इटली, अशा दोन सामन्यांत पेनल्टी अडवून त्यानं अर्जेंटिनाला अंतिम फेरीत नेलं. म्हणजे त्या उद्घाटनाच्या सामन्यातल्या दोन्ही संघांची पुढची वाटचाल ज्यांनी घडवली, ते दोघंही गोलरक्षक मुळात राखीव होते.

एन्कोनो पुढचे सगळे सामने खेळला. सोव्हिएत संघाकडून चार गोल खाल्ले, पण तोवर कॅमेरून पुढच्या फेरीत पोचलं होतं. नेपल्समध्ये इंग्लंडविरुद्ध ८३व्या मिनिटापर्यंत २-१ अशी आघाडी होती. मग लिनेकरच्या दोन पेनल्टी. दुसरी तर एन्कोनोनंच त्याला पाडल्यामुळं मिळालेली. २-३. इटलीत हे सगळं बघणारा बारा वर्षांचा एक मुलगा तोवर मैदानाच्या मध्यभागी खेळायचा. एन्कोनोला पाहून त्यानं हातमोजे चढवले आणि पुढं आपल्या मुलाचं नाव लुईस थॉमस ठेवलं. तो जियानलुईजी बुफॉन.

आता वाचकांच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडं येतो : ‘बेलनं तोंड आवरलं असतं तर?’ मला हा सूर मान्य नाही. तयारीबद्दल बेल जे बोलला ते खरं होतं. चार वर्षांनी अमेरिकेतल्या विश्वचषकात तेच दुखणं उघड्यावर आलं. थकलेल्या पैशांवरून संघ आणि महासंघ यांच्यात जुंपली होती आणि तयारीचा बोजवारा उडाला होता. तिथं पहिला गोलरक्षक पुन्हा बेलच होता. स्वीडनशी बरोबरी, ब्राझीलकडून ०-३ अशी हार, आणि सगळा राग बेलवर निघाला. रशियाविरुद्ध तिसऱ्या सामन्यात जाक सोंगोओ गोलात उभा राहिला. त्या दिवशी रशियाच्या सालेंकोनं एकट्यानं पाच गोल केले, १-६. एन्कोनोही त्या संघात होता, पण त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही. १९८२, १९९०, १९९४ : तिन्ही विश्वचषकांत हे दोघं एकाच संघात होते, आणि एक गोलात असताना दुसरा बाहेर. महासंघाला ही दोन माणसं नीट सांभाळता आली नाहीत, याचा दोष मी तरी बेलच्या जिभेला देणार नाही.